स्कायवर्ड स्वोर्डला 'पडलेला गेम' म्हणणाऱ्यांना

काल मावसभावाच्या मुलाशी बोलताना झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघाला. पोरगा अठरा वर्षांचा, त्याचा झेल्डा सुरू होतो तो ब्रेथ ऑफ द वाइल्डपासून. मी त्याच मालिकेतल्या जुन्या स्कायवर्ड स्वोर्डचं नाव काढलं तर पटकन म्हणाला, "तो पडलेला गेम ना, आत्या?" त्याला जे सांगितलं ते इथेही लिहिते. हा गेम माझ्या फार जवळचा आहे आणि त्याच्यावर अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं.

आधी आकडे, कारण वाद तिथूनच सुरू होतो. नोव्हेंबर २०११ मध्ये निन्टेंडोच्या वी कन्सोलवर, जिथे रिमोट हातात धरून हलवत खेळायचं, तो आला. झेल्डाला तेव्हा २५ वर्षं पूर्ण झाली होती. जपानच्या फामित्सू या गेमविषयक नियतकालिकाने ४० पैकी ४० गुण दिले. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात पाच लाखांहून जास्त प्रती गेल्या. मग विक्री मंदावली आणि वीवर एकूण साधारण ३६ लाखांवर थांबली. त्याच्या आधी टीव्हीवर खेळायचा झेल्डा, ट्वायलाइट प्रिन्सेस, ८० लाखांच्या पुढे गेला होता, आणि वी कन्सोल तर १० कोटींहून जास्त विकले गेले. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून लोकांनी ठरवून टाकलं की हात हलवून तलवार चालवायची कल्पनाच फसली.

मला हे कधीच पटलं नाही. ते १० कोटी कन्सोल कोणाकडे होते? बहुतेक अशा घरांत, जिथे आजी-आजोबांपासून सगळे टेनिस आणि बोलिंग खेळले आणि दोन वर्षांत रिमोट टीव्हीखालच्या कप्प्यात गेला. जे रोज खेळणारे होते त्यांच्याकडे तोवर एचडी टीव्ही आले होते आणि वीचं चित्र त्यावर धूसर दिसायचं. पुढचा कन्सोल, वी यू, जून २०११ मध्येच जाहीर झाला होता. त्यात ११ नोव्हेंबरला स्कायरिम हा दुसरा मोठा गेम आला, स्कायवर्ड स्वोर्डच्या अमेरिकेतल्या प्रकाशनाच्या बरोबर नऊ दिवस आधी. शिवाय जुना रिमोट असेल तर मोशनप्लस नावाचा जोड वेगळा घ्यावा लागायचा, त्याशिवाय गेम चालतच नसे. इतक्या अडथळ्यांतून ३६ लाख लोक त्याच्यापर्यंत पोचले, हे मला कमी वाटत नाही.

त्या जोडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे. मूळ रिमोटला हाताला बसलेला झटका कळायचा, पण मनगट नेमकं कुठे वळलंय हे नीट कळत नसे. म्हणून ट्वायलाइट प्रिन्सेसमध्ये रिमोट कसाही हलवा, गेमचा नायक लिंक आपला ठरलेलाच वार करायचा. मोशनप्लसमध्ये जायरोस्कोप, म्हणजे वळण मोजणारा सेन्सर, होता. आता तुमचा हात जिथे, तिथे लिंकची तलवार. आणि मग गेम बनवणाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं: शत्रूही तुमचा हात बघू लागले. बोकोब्लिन नावाचा शत्रू तुमची तलवार ज्या बाजूला असेल त्या बाजूला आपलं शस्त्र धरतो. देकू बाबा या मांसाहारी झाडाचं तोंड आडवं उघडलं तर आडवा वार, उभं उघडलं तर उभा. प्रत्येक छोटी चकमक म्हणजे एक कोडं, आणि त्याचं उत्तर खांद्यापासून मनगटापर्यंत शोधायचं.

मी डावखुरी आहे. मालिकेत लिंकही आधी डावखुराच होता, वीवर आल्यावर त्याला उजवा केला, कारण बहुतेक लोक रिमोट उजव्या हातात धरतात. मला ते लागलं होतं, अजूनही लागतं. पण आतेभावाने अमेरिकेहून कन्सोल आणि डिस्क दोन्ही आणून दिले (वीला प्रदेशाचं बंधन होतं, तिकडच्या कन्सोलवर तिकडचीच डिस्क लागायची), मी रिमोट डाव्या हातात धरला आणि आडवा वार केला, तेव्हा पडद्यावर तो मी केला तसाच उमटला. त्या क्षणी मला जे वाटलं ते नंतर कुठल्याही गेममध्ये वाटलेलं नाही.

दोष होते. नक्कीच होते. तलवारीतली मदतनीस फाय दर पाच मिनिटांनी येऊन दिसतंय तेच सांगायची. त्याच तीन प्रदेशांत पुन्हा पुन्हा जावं लागायचं, आणि त्या इम्प्रिझन्ड नावाच्या राक्षसाशी एकदा नाही, तीनदा लढायचं. जायरोस्कोप हळूहळू भरकटतो म्हणून मध्येच बटण दाबून निशाणा मधोमध आणावा लागायचा. २०१० च्या ई३ या गेम-प्रदर्शनात खुद्द झेल्डाचे जनक मियामोतो मंचावर खेळून दाखवत असताना वायरलेसच्या गोंधळामुळे नियंत्रण बिघडलं, आणि तो शिक्का गेम बाजारात येण्याआधीच बसला. गेमस्पॉट या संकेतस्थळाने नियंत्रणावरच बोट ठेवून १० पैकी ७.५ दिले. ज्यांचा हात खरंच जुळला नाही त्यांना मी खोटं म्हणणार नाही. पण "मला जमलं नाही" आणि "ही कल्पना वाईट" यांत फरक आहे.

मग जुलै २०२१ मध्ये निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर एचडी आवृत्ती आली, हात न हलवता बटणांवरही खेळता येणारी. सप्टेंबर संपेपर्यंत ३६ लाख! वीवर जेवढा आयुष्यभरात खपला, जवळपास तेवढाच अडीच महिन्यांत. लगेच लोक म्हणाले, बघा, बटणं दिली आणि चालला. पण त्यात हात हलवणं आणि बटणं, दोन्ही पर्याय होते. कोण कशाने खेळलं हे विक्रीच्या आकड्यात दिसत नाही. दिसतं ते एवढंच की ब्रेथ ऑफ द वाइल्डने कोट्यवधी नवे लोक झेल्डाकडे आणले होते आणि ते पुढच्या गेमची वाट बघत होते. ब्रेथ ऑफ द वाइल्डचे दिग्दर्शक फुजिबायाशी, तेच स्कायवर्ड स्वोर्डचेही. धावताना, चढताना संपत जाणारं ते हिरवं वर्तुळ, कापड पसरून हवेतून उतरणं, हे सगळं आधी इथेच आलं होतं. भाच्याला हे माहीतच नव्हतं.

हाताबरोबर चालणारी तलवार मात्र पुढच्या झेल्डांत आली नाही. याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. एवढ्या कष्टाने जमवलेली गोष्ट आकडे बघून बाजूला ठेवली गेली.

भाच्याकडे स्विच आहे, एचडी आवृत्तीही आहे, बटणांवर अर्धा खेळून सोडलेली. मी त्याला एवढंच म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन मोशन चालू कर, उभा राहा आणि खलनायक घिराहीमशी पहिली लढत पुन्हा खेळ. तो हात पुढे करून तुझ्या तलवारीचा माग काढत राहतो आणि सरळ वार केलास तर दोन बोटांत पातं पकडतो. घाई करू नकोस. तलवार सावकाश डावीकडे ने, त्याचा हात मागोमाग येऊ दे, आणि मग झटकन उजवीकडून.