स्पेस बारला हात लावू नका

आज दुपारी आईचा मेसेज आला. 'औषधघेतलंनाहीतरचक्करयेते'. सलग, एकही स्पेस नाही.

आता तुम्हीच वाचा. 'औषध घेतलं, नाहीतर चक्कर येते' की 'औषध घेतलं नाही तर चक्कर येते'? पहिल्यात औषध पोटात गेलंय. दुसऱ्यात काय झालंय ते देव जाणे. मी फोन लावला, उचलला नाही. परत लावला. वीस मिनिटं जीव टांगणीला लागला होता. शेवटी उचलला तेव्हा कळलं, औषध घेऊन झोपली होती.

मी चिडून म्हटलं, "अगं आई, स्पेस का नाही दिलीस?" तर म्हणाली, "ती पट्टी गेली कुठे? मी दाबते तिथे माइक उघडतो."

रात्री फोन अपडेट झाला होता. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर स्पेस बार आक्रसून निम्मा झालेला. एका बाजूला माइक, दुसऱ्या बाजूला भाषा बदलायचं बटण, त्याला चिकटून स्मायली. आईचा अंगठा थरथरतो. चार वेळा माइक उघडल्यावर तिने स्पेस देणंच सोडून दिलं.

कोणी ठरवलं हे? 'कोरीच तर पट्टी आहे, दोन बटणं सहज बसतील' असं ज्याला वाटलं, त्याने आयुष्यात कधी मन लावून टाइप केलं असेल का? ती पट्टी लांब आहे ती उगाच नाही. टाइप करताना आठ बोटं अक्षरांवर गुंतलेली असतात. मोकळे असतात ते दोन अंगठे, आणि त्यांना न बघता सापडावी म्हणून ती तेवढी लांब. कीबोर्डवर तर तिच्याखाली आडवी तार बसवलेली असते, म्हणजे टोकाला दाबलं तरी अख्खी पट्टी सरळ खाली जाते. एवढा विचार दुसऱ्या कुठल्या कीसाठी केलाय? माझ्या कीबोर्डवर उजव्या अंगठ्याखालचा तिचा भाग झिजून चकाकतोय. बाकीच्या कीज अजून खरखरीत आहेत.

आणि ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या शोल्स या संशोधकाच्या टाइपरायटरचं पेटंट १८६८ चं. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने तो बाजारात आणला, तेव्हा त्यावर छोटी लिपी नव्हती, सगळी कॅपिटल अक्षरं. शिफ्टची की १८७८ च्या मॉडेलवर आली. पण स्पेस बार? तो पहिल्याच यंत्रावर होता, सगळ्या अक्षरांच्या खाली आडवा. अक्षराची की दाबली की दांडा उठून रिबिनीवर आपटतो. स्पेस बार दाबला की काहीच आपटत नाही, फक्त कागद धरणारी कॅरेज एक घर सरकते. कागदावर काहीही न उमटवण्यासाठी त्या माणसांनी यंत्रात सर्वांत मोठी की बसवली. मला हे आठवलं की आजही भरून येतं.

त्याआधी छापखान्यात शब्दांच्या मध्ये कोरे खिळे लावायचे. ते अक्षरांच्या खिळ्यांपेक्षा बुटके, म्हणजे शाई लागायची नाही. जागा सोडायची तर तीसुद्धा हाताने उचलून बसवावी लागायची. मोर्सच्या तारेत दोन शब्दांमध्ये सात टिंबांइतका वेळ थांबायचं, हा नियम. संगणकाच्या आस्की संकेतात, जिथे प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, इंग्रजी कॅपिटल 'ए'चा आकडा ६५, आणि स्पेसचा ३२. यंत्रसुद्धा स्पेसला अक्षर मानून मोजतं, आणि आपण म्हणायचं 'रिकामी जागा'!

हो, माहीत आहे, जुने ग्रीक आणि लॅटिन लोक सलगच लिहायचे. आपली मोडीही शब्द न तोडता धावायची. चिनी आणि जपानी आजही शब्दांत जागा सोडत नाहीत. चाललं त्यांचं, चालतंय. पण त्यांच्या वाचणाऱ्यांना तशीच सवय होती आणि आहे. लॅटिनमध्ये शब्द सुटे लिहायला सातव्या-आठव्या शतकात सुरुवात केली ती आयर्लंडच्या भिक्षूंनी. लॅटिन त्यांची घरची भाषा नव्हती, सलग ओळ त्यांना उलगडायला जड जायची. म्हणजे ज्याला वाचायला त्रास होतो, त्याच्यासाठी ही जागा आली.

आणि आई नेमकी तीच आहे. तिला मी फोनवर लिहायला शिकवलं, तेव्हा तिचे पहिले मेसेज असेच यायचे, 'मीबरीआहे'. मी म्हटलं, खालची लांब पट्टी दाब. ती म्हणाली, "त्यावर काही लिहिलेलंच नाही, मग ती दाबू कशाला?" मी तिचा अंगठा हातात धरून त्या पट्टीवर ठेवला. एक शब्द झाला की दाबायचं. दोन दिवस ती प्रत्येक शब्दानंतर मान हलवून, हळू आवाजात 'जागा' म्हणायची आणि मग दाबायची.

तेवढं शिकायला तिला दोन दिवस लागले. अपडेटने एका रात्रीत पुसून टाकलं. म्हणून राग येतो.

सेटिंगमध्ये जाऊन माइक आणि स्मायली दोन्ही काढली. भाषेचं बटणही. पट्टी परत लांब झाली. मी घरी पोचायच्या आत मेसेज आला होता, 'आता बरं आहे'.

दोन्ही जागा सोडल्या होत्या तिने.