सख्खी आई हायसा न्हवं?

अजून डोकं तापलेलं आहे तोवरच लिहून टाकते, थंड झाल्यावर मी उगाच समजूतदार होते.

लेक सहावीला जाणार. आमच्या बेळगावजवळ, जांबोटीच्या जंगलाच्या बाजूला मुलींचा मुक्कामी समर कॅम्प होता, मैत्रिणी निघाल्या म्हणून हीपण हटून बसली. फी भरली, आधारची झेरॉक्स, डॉक्टरचं सर्टिफिकेट, टॉवेलपासून मोज्यांपर्यंत सगळ्यावर मार्करनं नाव. मोबाईल नको, बाहेरचं खाणं नको, कानातलं नको. आणि येण्याजाण्याचे पैसे वेगळे! ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. जून २०२३ पासून आपल्या कर्नाटकात बायका-मुलींना सरकारी लाल बसमध्ये झिरो तिकीट आहे, मी तिला फुकटात सोडून आले असते, वर खिडकीची जागा मिळाली असती (मिळाली नसती, खरं मनात धरायला काय जातंय). पण सरकारची शक्ती योजना तशी कॅम्पवाल्यांची सक्ती योजना, त्यांच्याच टेम्पो ट्रॅव्हलरमधून पाठवायचं. असो.

तर सकाळी सकाळी तिलकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ आम्ही सगळे पालक बॅगा घेऊन उभे. तेवढ्यात व्हॅक्सिन डेपोकडनं एक काका आले. वॉक करून येत होते. म्हणजे वॉक नावाला, एका हातात पुढे तारेचा आकडा बांधलेली काठी आणि दुसऱ्या हातात कॅरीबॅग, त्यात लोकांच्या कंपाऊंडातली जास्वंद, तगर आणि कुणाच्या तरी दारचं अख्खं कण्हेरीचं डहाळं. त्यांचं कुणीही कॅम्पला जाणार नव्हतं. तरी ते थांबले, कॅरीबॅग ट्रॅव्हलरच्या आरशाला अडकवली आणि कामाला लागले.

"कुठं पाठवूलालासा मुलगीला?"

"जांबोटीला. कॅम्प आहे."

"रात्रीचं?"

"हो, मुक्कामच आहे की."

"तिकडं अस्वल हाय. वाघबी हाय. बिबट्या तर हायच हाय."

आता मला सांगा, बेळगावच्या माणसानं दुसऱ्या बेळगावच्या माणसाला बिबट्याची भीती घालायची? ऑगस्ट २०२२ मध्ये बिबट्या आला तो कुठं आला? भर जाधवनगरात. तिथनं गोल्फ कोर्सवर. आसपासच्या शाळा बंद, पिंजरे लावले, ड्रोन उडवले, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलहून हत्ती आणले, आणि तो पठ्ठ्या कुणाच्या बापाला सापडला नाही. शाळेला सुट्टी म्हणून पोरं खूश आणि त्यांना घरात कोंडून ठेवायचं काम आमच्याकडं. तेव्हा मी काकांना म्हटलं, बिबट्या तर शहरातच आला होता की, त्या हिशेबानं पोरगी जंगलात चाललीय तेच बरं.

काका खूश झाले. मुद्दा त्यांनाच मिळाला ना. "तेच की ओ! सापडला न्हाई न्हवं? मग गेला कुठं? जांबोटीलाच गेला."

लेकीला वाटलं आपण विषय बदलावा. तिनं माहितीपत्रक पाठ केलेलं. म्हणाली, आजोबा, भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहे, तिथं एक खूप दुर्मिळ वटवाघूळ राहतं, आम्हाला त्याच्या स्लाइड दाखवणारेत. झालं. "वटवाघूळ?" काका दोन पावलं मागं सरकले, खांद्यावरचा पंचा नाकाला लावला आणि त्यातनंच म्हणाले, "कोरोना!" शेजारच्या एका आईनं खरंच आपल्या मुलीला सॅनिटायझरची बाटली दिली हो.

मग गाडी सुरू झाली आणि रडारड चालू झाली. बाकीच्या आया डोळे पुसतायत, मी आपली हात हलवत उभी. काका सगळ्यांवरनं नजर फिरवत माझ्यापाशी येऊन थांबले आणि चांगल्या खड्या आवाजात म्हणाले, "ह्या बाई रडूलाल्यात, त्या बाई रडूलाल्यात. तुमच्या डोळ्यात टिपूस न्हाई. सख्खी आई हायसा न्हवं?"

सगळे बघायला लागले. मला हसू आलं, ते तर आणखीच वाईट दिसलं. आता रडायचं ते मी आदल्या रात्री मोज्यांवर नावं घालताना रडून घेतलेलं, त्याची पावती घेऊन यायची होती का गेटजवळ?

बरं, ह्या काकांचा नातू नववीला, तो हिमालयात ट्रेकला गेलाय, हे त्यांनीच पुढच्या मिनिटाला सांगितलं. तिकडं अस्वल नाही का? "मुलगा हाय की तो, हिंडू दे." आणि आमचे हे माझ्या शेजारीच उभे होते, हातात लेकीची पाण्याची बाटली, ती द्यायची राहिलेली. त्यांना कुणी विचारलं नाही सख्खे का सावत्र. काकांनी त्यांना विचारलं, "साहेब, नोकरी कुठं?" तसं घरचेही काकाच. दुपारपर्यंत निपाणीच्या आत्याबाई, खानापूरच्या वन्सं, सगळ्यांचे फोन मलाच, "एकटीला पाठवलीस? रात्रीचं?" एकटी कुठली, अख्खी गाडी भरून पोरी आहेत, सोबत ताई आहेत. आणि हीच पोरगी उद्या लग्न करून कायमची परक्या घरी पाठवली की हीच माणसं अक्षता टाकून, बुंदी खाऊन, आहेराची पिशवी घेऊन जातील, तेव्हा कुणी विचारणार नाही रात्रीचं तिथं कोण हाय म्हणून.

हे मी यांना घरी येऊन बोलून दाखवणार होते. खरं हे माझ्याबरोबर घरी आलेच नाहीत, गेटजवळ थोडं काम आहे म्हणाले. अर्ध्या तासानं उगवले ते हातात ती पाण्याची बाटली आणि एक जास्वंदीचं फूल घेऊन.

"अगं, त्या काकांबरोबर चहा घेतला. माणूस चांगला आहे गं, मनात काही नसतं त्यांच्या."

चहा आणि वर दोन प्लेट इडली-वडा, पैसे आमच्याच यांनी दिले, हे मला संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवरचा मेसेज बघून कळलं.