‘मिस्टर बोजँगल्स’ हे गाणे बिल रॉबिन्सन यांच्यावरचे नाही
‘मिस्टर बोजँगल्स’ या गाण्यातला कोठडीत भेटलेला, फाटक्या कपड्यांतला म्हातारा नर्तक म्हणजे अमेरिकेचे विख्यात टॅप नर्तक (बुटांच्या ठोक्यांतून ताल उमटवत नाचणारे) व अभिनेते बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. गायक-गीतकार जेरी जेफ वॉकर यांनी १९६८ साली ध्वनिमुद्रित केलेले हे गाणे त्यांना १९६५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात भेटलेल्या रस्त्यावर कला सादर करणाऱ्या एका गोऱ्या कलावंतावर आहे, ज्याने बोजँगल्स हे नाव नुसतेच धारण केले होते. कृष्णवर्णीय रॉबिन्सन तर १९४९ मध्येच निवर्तले होते. अखेरीस त्यांच्यापाशी पैसा उरला नव्हता हे खरे, आणि बहुधा तिथूनच ही गल्लत रुजली असावी. पण फाटका भणंग ही त्यांची ओळख होऊ देणे मला अन्यायाचे वाटते. १८७८ मध्ये रिचमंड येथे जन्मलेला हा पोरका मुलगा पुढे न्यू यॉर्कची ब्रॉडवे रंगभूमी गाजवणारा नट झाला. लाकडी तळव्यांच्या बुटांनी, टाचा फारशा न टेकवता, चवड्यांवर तोललेल्या शरीराने ते जिना चढत-उतरत, तेव्हा पायरीपायरीतून वेगळा नाद उमटे. १९३५ च्या ‘द लिटल कर्नल’ या चित्रपटात चिमुकल्या बालतारका शर्ली टेंपलचा हात धरून केलेले ते जिनानृत्य आजही पाहता येते.