आर्द्रता ९५ टक्के म्हणजे हवेत ९५ टक्के पाणी नव्हे!

पणजीत आर्द्रता ९५ टक्के म्हणजे हवेत ९५ टक्के पाणी, ऑक्सिजन फक्त ५, असा फॉरवर्ड फिरतोय. अहो, तसं असतं तर आपण बांगडेच झालो असतो ना! हा टक्का त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ असू शकते तिच्या तुलनेतला असतो, ३० अंशांना घनमीटरभर हवेत साधारण ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी आणि हवेचं वजन किलोच्या वर. म्हणूनच पहाटे २५ अंशांना ९५ दाखवणारा आकडा दुपारी ३२ अंशांना ६३च्या आसपास येतो, वाफ तेवढीच असली तरी. ऑक्सिजन २० टक्क्यांच्या आसपासच राहतो. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात ते खरंय, पण गुदमरल्यासारखं होतं ते घाम सुकत नाही म्हणून.