आत्या, ते ब्लीच परत कर

मंगळवारी सकाळी पावणेआठला सांगलीहून आत्याचा फोन. मी कॉलेजला निघायच्या गडबडीत, एका हातात डबा. "अगं, ब्लीच कुठल्या कंपनीचं आणायचं असतं? वॉचमनला पाठवतेय खाली." मला वाटलं पडदे धुवायला काढलेत. पडदे नव्हते. आतोबांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला करून दिलेली हिऱ्याची अंगठी होती. शनिवारी नात्यात साखरपुडा, अंगठी मंद दिसतेय, आणि "ग्रुपवर आलंय ना सगळं, तू वाचलं नाहीस?"

वाचलं नव्हतं. मग वाचलं. वर समईचं चित्र, खाली "सराफ तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत" आणि सात मुद्दे. थोडक्यात असे: हिरा जगातली सर्वांत कठीण वस्तू, त्याला कशानंच काही होत नाही, तेव्हा बिनधास्त साफ करा. अंगठी दहा मिनिटं उकळा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, हिरा खरा असेल तर टिकेल. पांढऱ्या टूथपेस्टनं खसाखसा घासा. अर्धी वाटी ब्लीच घ्या, त्यात संडास साफ करायच्या लिक्विडची दोन झाकणं टाका, वरून काच पुसायचा स्प्रे मारा. "फेस आला की घाण सुटली समजा". हे जमत नसेल तर रिठ्याचं पाणी. घरातले सगळे दागिने एकदमच बुडवा, वेळ वाचतो. आणि सोनाराकडे मुळीच देऊ नका, तो सोनं काढून घेतो.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. चौथा मुद्दा वाचला आणि डबा खाली ठेवला. तेव्हा सुरुवात तिथूनच.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. संडासच्या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही. ही दोन एकत्र आली की क्लोरिन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं समोरच्या खंदकांवर सोडला होता तोच क्लोरिन. अर्ध्या वाटीत तेवढा नसतो, मान्य. पण खंदकाला निदान वर आकाश होतं. आत्याच्या बाथरूमला वीतभर खिडकी आहे आणि तीही गीझरच्या पाइपनं अर्धी अडवलेली. क्लोरिन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो, तो चटकन निघून जात नाही, खालीच रेंगाळतो. आत्या ६८ वर्षांची, दम्याचा पंप पर्समध्ये घेऊन फिरणारी. अंगठी कितपत उजळली ते बघायला ती त्या वाटीवर वाकणार, चष्मा वर सरकवून. फेस आला की घाण सुटली समजा म्हणे! फेसातून जे सुटतं ते घाण नव्हे, तोच वायू.

शिवाय तो स्प्रे. त्यात अमोनिया असेल तर ब्लीचबरोबर क्लोरामाइन तयार होतं, तेही श्वासाला तितकंच वाईट. म्हणजे ज्यानं कुणी हा मजकूर लिहिला त्यानं घरातल्या तीन बाटल्या उचलल्या आणि त्यांतल्या ज्या दोन जोड्या कधीच जमवायच्या नसतात त्या दोन्ही एकाच वाटीत जमवल्या. मुद्दाम ठरवून सुद्धा इतकं नेमकं जमत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी हा उद्योग आधीच करून बसलं असेल आणि डोळे चुरचुरत असतील, खोकला येत असेल, तर वाटी ओतत, खंगाळत बसू नका. दार उघडा आणि मोकळ्या हवेत या. श्वास लागत असेल तर सरळ डॉक्टर. अंगठी तिथेच राहू द्या, ती कुठे पळत नाही.

आता फुफ्फुसं बाजूला ठेवू, अंगठीचं बोलू. आत्याचा प्रश्न रास्त होता: "मी खिडकी उघडून, नुसतं ब्लीच वापरलं तर?" तरीही नको. हिऱ्याच्या अंगठ्या सहसा २२ कॅरेटच्या नसतात, कारण ते सोनं मऊ पडतं, खडा धरून ठेवत नाही. त्या १८ किंवा १४ कॅरेटच्या असतात. आत्याच्या अंगठीच्या आतल्या बाजूला ७५० असा शिक्का आहे, म्हणजे हजारात ७५० भाग सोनं आणि उरलेले २५० तांबं, चांदी वगैरे. व्हाइट गोल्ड असेल तर त्यात निकेल किंवा पॅलेडियम. क्लोरिन या उरलेल्या धातूंच्या मागे आधी लागतो. सोनं शुद्ध करायची एक जुनी पद्धतच त्यावर बेतलेली आहे: वितळलेल्या सोन्यातून क्लोरिन सोडायचा, तो हिणकस धातू उचलतो आणि सोनं मागे राहतं. फ्रान्सिस मिलर नावाच्या सिडनीच्या टांकसाळीतल्या माणसानं १८६७ साली तिचं पेटंट घेतलं. आपण वाटीत वितळवत नाही हे खरं, पण भूक तीच. अंगठीत सर्वांत बारीक काय असतं? हिऱ्याला चहूबाजूंनी धरणारे सोन्याचे काटे. ते आतून ठिसूळ होतात, वरून काही दिसत नाही, आणि मग एक दिवस कणीक मळताना किंवा मोजे घालताना एखादा काटा तुटतो. हिरा कणकेत गेला तर नशीब, मोरीत गेला तर गेला.

सोनारानंच कान टोचावे म्हणतात, म्हणून माझं राहू द्या. हिऱ्याबरोबर जे जीआयए सर्टिफिकेट मिळतं आणि जे आपण एफडीच्या पावतीसारखं लॉकरमध्ये जपतो, ते देणारी संस्था म्हणजे जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका. १९३१ पासूनची, मुंबईतही तिची प्रयोगशाळा आहे. हिऱ्याची प्रत कॅरेट (इथे म्हणजे वजन), रंग, स्वच्छता आणि पैलू या चार गोष्टींवर मोजायची पद्धत तिचीच. हिऱ्यांची निगा कशी राखावी याबद्दल ती स्वच्छ सांगते की क्लोरिन ब्लीच आणि टूथपेस्टसारखे घासणारे पदार्थ हिऱ्याच्या दागिन्यांना अजिबात लावू नका, त्यांनी कोंदणातले धातू झिजतात, काहींवर चरे पडतात. एका वाक्यात तिसरा आणि चौथा मुद्दा निकालात. टूथपेस्टमध्ये दात घासायला सिलिका किंवा खडूसारखी भुकटी घातलेली असते, आणि सोन्याची कठीणता मोह्जच्या एक ते दहाच्या मापात जेमतेम अडीच ते तीन. हिरा दहावर बसून मजा बघतो, ओरखडे खालच्या सोन्याला.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करते. हीच संस्था असंही सांगते की हिऱ्याची अंगठी अमोनिया असलेल्या घरगुती क्लीनरमध्ये काही तास भिजवली तर चालते. म्हणजे स्प्रेची कल्पना अगदीच हवेतली नव्हती. पण एकट्याची, आणि फक्त हिरा-सोन्यापुरती. लग्नात एक माणूस सज्जन निघाला म्हणून अख्खी वरात घरात घेत नाही कुणी.

मग पहिला मुद्दा, ज्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. हिरा कठीण आहे याचा अर्थ त्याच्यावर दुसऱ्या वस्तूनं ओरखडा उठत नाही, एवढाच. त्याला ठराविक दिशांनी नैसर्गिक चीर जाते. पैलू पाडणारे कारागीर शतकानुशतकं त्याच दिशेवर घाव घालून हिरे दुभंगत आले. ओट्याच्या ग्रॅनाइटवर वेडावाकडा आपटला तर त्याचा कडेचा टवका उडू शकतो. तो जळतो सुद्धा, लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १७७२ साली भिंगानं ऊन एकवटून हिरे जाळून दाखवले होते. तेव्हा "कशानंच काही होत नाही" हे वाक्य दुकानातल्या जाहिरातीत बरं दिसतं, न्हाणीघरात नाही.

आणि मुळात अंगठी मंद का होते, हे त्या सात मुद्द्यांत कुठेही नाही. मला राग याचाच जास्त आला. हिऱ्याला पाणी धरत नाही, चरबी धरते. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच गुणाचा उपयोग करून हिरे वेचत. उतरत्या टेबलांवर चरबी थापायची, वरून दगडगोटे मिसळलेलं पाणी सोडायचं. ओले खडे घसरून पुढे जात, हिरे चरबीला चिकटून राहत. आता आत्याचं स्वयंपाकघर आठवा. तेलाचा हात, तुपाचा हात, भाकरीचं पीठ, रात्री हाताला लावायचं क्रीम. अंगठी रोज त्या टेबलावरून जाते. हिऱ्याच्या खालच्या निमुळत्या भागावर तेलाचा थर बसला की आत शिरलेला प्रकाश पूर्वीसारखा परतून वर येत नाही, आणि आपण म्हणतो हिरा काळवंडला. हिरा तसाच असतो, खाली तूप असतं. त्याला आम्ल कशाला लागतंय? भांडी घासायचा साबण पुरतो.

उकळून बर्फात टाकायचं सांगायला फार वेळ घालवत नाही. चांगला हिरा बहुधा टिकेल. पण काही हिऱ्यांमधल्या भेगा काचेसारख्या पदार्थानं भरलेल्या असतात, तो उष्णतेनं बिघडतो. शेजारी पाचू बसवलेला असेल तर तो तडकायची भीती. आणि परीक्षा म्हणाल तर प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही तितकाच टिकतो, कारण तोही हिराच. मग कळलं काय?

रिठा. हो, रिठा बरोबर आहे. आजी सुद्धा रिठ्याच्या पाण्यातच पाटल्या धुवायची, सोनारही वापरत. सातांतला एक मुद्दा खरा निघाला आणि तोच "जमत नसेल तर" म्हणून कोपऱ्यात बसवलेला. रिठा उगाळून नीट गाळून घ्या, चोथा काट्यांत अडकतो.

सगळे दागिने एकदम बुडवा, हे ज्यानं लिहिलं त्याच्या घरात नथ नसावी. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात तो विरघळतो, अमोनियानंही खराब होतो, आणि नुसत्या पाण्यात भिजला तरी आतला दोरा कुजतो. कुंदन आणि पोलकीचं आणखी नाजूक. त्यात खड्यामागे चकाकीसाठी वर्ख असतो, आत लाख भरलेली असते, मागची बाजू बंद. पाणी आत शिरलं की वर्ख काळा पडतो, आणि मग तो सगळा दागिना उकलून नव्यानं बसवावा लागतो. हे दागिने कोरड्या मऊ कापडानं पुसायचे, बस्स.

राहिला सोनार. इथेही अर्धं खरं आहे आणि ते मी गिळते. पॉलिशच्या चाकावर दागिना धरला की कणभर सोनं झिजतं, हे कुठलाही प्रामाणिक सोनार स्वतःच सांगेल. व्हाइट गोल्डवरचा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामाही त्यानं जातो, तो परत चढवावा लागतो. पण धुणं आणि पॉलिश करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "नुसती धुऊन, खडे घट्ट आहेत का बघून द्या" म्हटलं की झालं, आणि समोर उभं राहायला कुणी मनाई करत नाही. सोनं खरंच काढून घेतात ते दारावर "पॉलिश करून देतो वहिनी" म्हणत येणारे. त्यांच्या वाटीत आम्लराज असतं, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, शाळेच्या पुस्तकातलं. बांगडी चकचकीत होऊन परत येते आणि वजनाला हलकी. गंमत अशी की घराघरात लोकांना आम्ल आणि क्लोरिनच्या वाट्या भरायला लावणारा हा मजकूर सावध करतो तो सोनारापासून.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. आत्याला म्हटलं, आधी बेसिनचं भोक बंद कर. नको, बेसिन राहू दे, टेबलावर ये. काचेचा बोल घे, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. अंगठी पंधरा-वीस मिनिटं भिजू दे. मग पणतूचा जुना मऊ ब्रश घे आणि वरून नव्हे, खालून घास, हिऱ्याच्या पाठीकडून. दुसऱ्या बोलमध्ये खळबळून घे, चहाच्या गाळणीवर काढ, धोतराच्या जुन्या तुकड्यावर ठेव. तिनं सगळं केलं, मध्ये तीनदा "एवढंच?" विचारलं. खालून निघाला तो पिवळट लगदा बघून म्हणाली, "हे तर बेसन आहे गं." बहुधा दिवाळीच्या लाडवांचं.

अंगठी लखलखली. मग मी तिला ती कानाशी धरून बोटानं हलकेच टिचकी मारायला सांगितलं, खडा ढिला असेल तर आवाज येतो म्हणून. ती जरा वेळ गप्प झाली. फोनवर मलाही ऐकू आलं, टक टक. एक काटा उचलला गेला होता, बेसनानं आतापर्यंत हिरा धरून ठेवला होता बहुतेक.

साखरपुड्याला आत्या तोडे घालून जाणार आहे. अंगठी कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवली आहे, सोमवारी सराफ कट्ट्यावर नेणार. ब्लीच वॉचमननं आणलं होतं, ते परत करून पैसे मागितले तर दुकानदार म्हणाला, "आज तिसरी बाटली परत येतेय, मावशी."