बारा बोअरचा सातबारा

वस्तीवर रात्री चोर शिरल्याचा तो प्रकार झाल्यापासून सोलापूरच्या पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नाही. ड्रोन, गस्त, कुणाच्या कुत्र्याला भाकरीतून काय घातलं, पोलिसांची गाडी किती वाजता फिरली. परवा शेठ आला तो मोबाईल पुढं धरूनच. दिवस मावळला होता, तरी गॉगल डोक्यावर.

"बंदुकीचं लायसन काढायलोय," म्हणाला. "वीस बोअर घेणार. बारा नको. घ्यायचं तर मोठंच घ्यायचं."

मेजरनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मेजर म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले हवालदार. आता एका बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभे असतात. कट्ट्यावर बंदूक रोज हाताळणारा माणूस तेवढा एकच, त्यामुळं या विषयात मी त्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

"शेठ, वीस ही बारापेक्षा लहान असते."

"काय सांगता मेजर! वीस लहान आणि बारा मोठी?"

"एक पौंड शिसं घे. साडेचारशे ग्रॅम धर. त्याच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, की त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. वीस केल्या तर वीस बोअर. परातीतल्या तेवढ्याच पिठाच्या बारा भाकरी केल्या तर उंडा मोठा, वीस केल्या तर बारका. घरी जाऊन विचार."

"ह्याला बारा म्हटलं की सातबाराच आठवतो बे," श्रीनू म्हणाला. "त्यात शिसं कुठनं येणार?"

सगळे हसले, मल्लू सोडून. जुळे सोलापुरातला प्लॉट शेठनं त्याला विकला त्याला तीन गड्डे, म्हणजे सिद्धेश्वराच्या तीन जत्रा, उलटून गेले आणि सातबारावर अजून जुनंच नाव आहे. "मोजणी लागू दे की," हे शेठचं उत्तर तेव्हापासून बदललेलं नाही.

बंटी टेक्सासहून सुट्टीला आलाय. त्यानं लगेच सुरुवात केली, "आमच्याकडं तर घरोघरी—"

"आमच्याकडं म्हणजे? अक्कलकोट रोडला का?" श्रीनू.

पण बंटी बोलला ते कामाचं होतं. बारा का वीस हे भांडण तिकडं पिढ्यानपिढ्या चालू आहे म्हणे. बाराची नळी साडेअठरा मिलिमीटरची, विसाची साडेपंधराच्या जरा वर. बाराच्या नेहमीच्या काडतुसात बत्तीसेक ग्रॅम छर्रे, विसाच्यात पंचवीसेक. छर्रा तोच, वेग जवळपास तोच, फक्त संख्या कमी. म्हणजे विसातनं सुटलेला छर्रा काही हळू जात नाही. फोर-टेन म्हणून अजून एक बारीक नळी असते, ती तेवढी इंचात मोजतात. शिशाच्या हिशेबात बसवली तर ती सदुसष्टच्या आसपास येईल.

"आणि शिकारीला?" शेठ.

"बदकाला बाराच. १९९१ पासून तिकडं पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालतच नाहीत. तळ्याच्या तळाला पडलेलं शिसं बदकं खडे समजून गिळतात आणि विषानं मरतात. मग पोलादी छर्रे वापरायचे. ते हलके, लवकर दम सोडतात, म्हणून मोठ्या आकाराचे घ्यावे लागतात, आणि ते पुरेसे मावायला काडतूस मोठं लागतं. लाव्याला, पारव्याला मात्र वीस. बंदूक हलकी, दिवसभर खांद्यावर घेऊन फिरता येतं."

"बघा," शेठ म्हणाला, "बायडनसुद्धा म्हणालेले, घरात दुनळी ठेवा. मी व्हिडिओ बघितलाय."

तेही खरं आहे. २०१३ साली, उपाध्यक्ष असताना बोलले होते ते. बायकोला सांगून ठेवलंय, काही झालं तर बाल्कनीत जा आणि दोन बार काढ, असं.

"दोन बार काढ," मेजर म्हणाले. "दुनळीत असतात किती? दोन. आता चोर खाली आणि तू वर, रिकामी नळी घेऊन."

शेठनं विषय फिरवला. त्याचं खरं म्हणणं असं, की अंधारात नेम धरायची भानगडच नको म्हणून छर्र्याची बंदूक घ्यायची. दाराकडं तोंड करायचं आणि चाप ओढायचा, खोलीभर छर्रे पसरणार, चोर कुठंही असो. हे सांगताना त्यानं हात असे पसरले की श्रीनूचा ग्लास लवंडला.

"खोली केवढी?"

"बारा बाय पंधरा."

"तेवढ्यात छर्रे मुठीएवढे पसरतील. तळहाताएवढे म्हण. नेम धरावाच लागतो. नाही धरला तर भिंतीला भोक. आणि एल.जी., म्हणजे मोठ्या छर्र्यांचं काडतूस भरलंस, तर ते छर्रे पातळ भिंतीत थांबत नाहीत. ही अमेरिकेतली लाकडी घरं नव्हेत म्हणशील, तर पत्र्याची तरी आहेतच की आपल्याकडं. शेजारी कोण झोपतं?"

"चुलता."

"मग आधी चुलत्याला विचार, बारा चालेल का वीस."

"चुलत्याचं आणि ह्याचं बांधावरनं चालूच आहे," मल्लू पहिल्यांदा बोलला. "तो म्हणेल, वाटच बघायलो होतो."

मग मेजरनी जे सांगितलं, ते मला या सगळ्या गप्पांतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. घरात ठेवायची बंदूक धडधाकट माणसाच्या खांद्यावर बेतायची नाही. घरातलं सर्वांत हलकं माणूस, जे त्या वेळी घरात एकटं असेल, त्याला ती उचलता आली पाहिजे, दस्ता खांद्याला टेकवून चापापर्यंत बोट पोचलं पाहिजे, आणि पहिल्या बारानंतर दुसऱ्यासाठी नळी परत खाली आणता आली पाहिजे. बाराचा धक्का ज्यानं सवयीशिवाय खाल्ला, तो पुढच्या वेळी चाप ओढताना डोळे मिटतो. बँकेत नवीन येणाऱ्या गार्डचं हे त्यांनी पुष्कळदा पाहिलंय. वीस त्या मानानं सोसते. पण तिथंही गंमत आहे. विसाची बंदूक वजनाला हलकी केलेली असते, आणि हलकी बंदूक जास्त उसळते. त्यामुळं कागदावर जेवढा फरक दिसतो तेवढा खांद्याला लागत नाही.

"म्हणजे वीसच ना!" शेठ खूश.

"टेक्सासात असतास तर वीस घे म्हणालो असतो. इथं काडतूस कुठनं आणशील? खडकीच्या कारखान्यातलं शक्तिमान मिळतं ते बाराचं. विसाचं शोधत गावोगाव फिरशील. आणि काडतूस नसलेली बंदूक म्हणजे महागडी काठी."

"दोन्ही ठेवतो की मग. कायद्यानं दोन चालतात."

यावर मेजरचा आवाज चढला. मी त्यांना चढ्या आवाजात क्वचितच ऐकलंय. बारा आणि वीस एका घरात, एका कपाटात, अजिबात नको. विसाचं काडतूस बाराच्या नळीत सरकतं, थोडं पुढं जाऊन अडकतं, आणि मागनं बघितलं तर नळी रिकामी दिसते. घाबरलेला माणूस मागनं बाराचं भरतो, चाप ओढतो, आणि नळी त्याच्या डाव्या हातात फुटते. विसाची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच. "अंधारात पिवळं दिसतं का बे?" मेजर म्हणाले, आणि थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

शेठ मात्र शेठच. "बरं, बारा तर बारा. रविवारी नान्नजकडं जाऊ, ससा-तितर तरी मारू."

इथं मल्लू उठून उभाच राहिला. त्याचं रान त्याच बाजूला आहे. ज्वारी कोवळी असली की काळविटं येतात, मक्यात आणि भुईमुगात रानडुकरं घुसतात. रात्रभर डबा वाजवत बसणारा माणूस आहे तो. शिकारीच्या बाजूनं बोलायचा कुणाला हक्क असेलच तर त्याला.

"माझा भुईमूग डुकरानं उकरला, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय मी दगड मारत नाही. आणि तू रविवारचा टाइमपास म्हणून ससा मारणार?"

"एका सशानं काय होतंय?"

"एकाचंच होतं सगळं. सशासाठी मारलेला बारीक छर्रा डुकराला लागला तर ते मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी पाणी पाजायला गेलेल्या माझ्या म्हातारीवर येतं. तू तोवर इथं चहा पीत असतोस."

मला यात मल्लूचा शब्द न् शब्द पटतो. १९७९ साली माळढोकासाठी आपल्या जिल्ह्यात अभयारण्य झालं, आणि आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. पक्षी संपायला कालवे, ऊस, विजेच्या तारा, कुत्री अशी पुष्कळ कारणं आहेत हे मान्य. पण जुन्या काळी जीपमध्ये बसून बंदुकीनं टिपलेले माळढोकही त्या हिशेबात आहेत. तो माळ ज्यांनी पाहिलाय, पहाटे काळविटांचा कळप उड्या मारत जाताना ज्यांनी पाहिलाय, त्यांच्यासमोर तिथं बार काढायची भाषा करू नये. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

वकील इतका वेळ शेंगा सोलत होता. त्यानं शेठचा उरलासुरला उत्साहही सोलला. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडं, गावाकडं जिल्हाधिकाऱ्यांकडं. बंदूक हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, घरात कुलपात कशी ठेवणार त्याची हमी. पीक राखायचं कारण दिलंस तर कायदा ठासणीची, म्हणजे तोंडाकडनं दारू ठासून भरायची बंदूक म्हणतो, तुझी काडतुसाची नव्हे. वरातीत हवेत बार काढलास तर २०१९ पासून दोन वर्षं किंवा लाख रुपये किंवा दोन्ही.

"आमच्या धाकट्याच्या वरातीत काढलेले," शेठ.

"माहीत आहे. मांडव माझा होता," श्रीनू म्हणाला. "भोक अजून आहे. पैसे कधी देणार?"

"आणि चोर घरात आला," वकील पुढं, "तरी स्वसंरक्षणाचा हक्क गरजेपुरताच. न्याय संहितेचं ३७ वं कलम वाच. पळणाऱ्याच्या पाठीत घातलीस तर तू आरोपी. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेकदा बंदूक ठाण्यात जमा करायला लावतात."

"प्रत्येक निवडणुकीला?"

"लोकसभा, विधानसभा, महापालिका, झेडपी. मोज."

"चोराला सांगायचं," श्रीनू म्हणाला, "निकाल लागू दे बे, मग ये."

मेजरसुद्धा हसले. मग त्यांनी शेठला सरळच विचारलं, गड्ड्यावर फुगे फोडायच्या बंदुकीनं तू कधी किती फोडलेस? शेठ म्हणाला, ती बंदूक वाकडी असते. मल्लू म्हणाला, सगळ्यांना तीच देतात, माझ्या पोरीनं सगळी ओळ फोडली. बंटीनं टेक्सासातल्या रेंजचं काहीतरी सुरू केलं, पण कुणी ऐकलं नाही.

तरी शेठ हटेना. शेवटी वकिलानं बिलाच्या मागच्या बाजूला अर्जाचा मसुदा लिहायला घेतला.

"कारण?"

"जिवाला धोका."

"कुणापासून? नाव लागतं. मोघम चालत नाही."

शेठ विचारात पडला.

"प्लॉट घेतलेल्या लोकांपासून, असं लिही," श्रीनू म्हणाला.

हसू थांबायच्या आतच मल्लूनं वकिलाचा पेन धरला. "यादीत पहिलं नाव माझं घाल. आणि पत्त्याला तो प्लॉट टाक, म्हणजे कुठंतरी माझ्या नावावर लागेल."