आंबोलीच्या बेडकाला म्हणे वाघाचं संरक्षण!

पाऊस सुरू झाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड येतोच. थोडक्यात म्हणणं असं, की आंबोलीतला एक बेडूक फॉरेनच्या रेड लिस्टमध्ये गेला म्हणून त्याला आता वाघाइतकं कायदेशीर संरक्षण, त्याच्यापायी कोकणात धड रस्ता होऊ देणार नाहीत. बेडूक पण साधाच, शास्त्रज्ञांनी नवीन नाव लावून दुर्मिळ केला. आणि पावसात लाखांनी बेडूक ओरडतात तर धोका कसला. यंदा काकांनीच टाकला, खाली तीन हात जोडलेले. काका, राग मानू नका, पण एकेक बघूया.

पहिलं, रेड लिस्ट म्हणजे कायदा. अजिबात नाही. ती म्हणजे कुठल्या जीवाला किती धोका याची यादी, आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, ऑफिस स्वित्झर्लंडला, त्यांनी 'अतिसंकटग्रस्त' लिहिलं म्हणून इथल्या फॉरेस्ट गार्डला कुणाला धरता येत नाही. आपल्याकडे चालतो 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या अनुसूच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या, आधी 6 होत्या, 2022 च्या दुरुस्तीत 4 केल्या, 1 एप्रिल 2023 पासून लागू. अनुसूचीत नाव आहे तर संरक्षण आहे, एवढा सरळ मामला.

आता गंमत बघा. जुन्या चौथ्या अनुसूचीत बेडकांसाठी एकच नोंद होती, 'राना' या शास्त्रीय नावाच्या गटात येणारे सगळे बेडूक. त्यात यायचा तो आपला मोठा बेडूक, पहिल्या पावसात नर हळदीसारखा पिवळाजर्द होतो आणि ओरडताना गळ्याशी दोन निळे फुगे येतात तो, गोव्यात ज्याला 'जंपिंग चिकन' म्हणून रात्री बॅटऱ्या घेऊन पकडायला जातात. एकेकाळी आपण बेडकांच्या तंगड्या एक्स्पोर्ट करायचो, 1987 ला ते बंद झालं. रेड लिस्ट म्हणते याला फारसा धोका नाही, तरी कायद्याने तो पकडणं गुन्हा. आणि आंबोलीवाला? तो भेक, म्हणजे इंग्रजीतला टोड, राना नव्हेच, त्यामुळे रेड लिस्टमध्ये सगळ्यात गंभीर गटात असूनही त्या जुन्या नोंदीत बसतच नव्हता. म्हणजे त्या जुन्या यादीपुरता तरी फॉरवर्ड बरोब्बर उलटा! नवीन अनुसूच्यांवरून भांडायचं असेल तर यादी उघडा आणि शास्त्रीय नाव शोधा, 'बेडूक' एवढं शोधून काही हाती लागणार नाही.

त्यातही त्या मोठ्या बेडकाचं राना टायग्रिना हे नाव शास्त्रज्ञांनी कधीच बदलून होप्लोबॅट्रॅकस केलेलं, पण कायद्याच्या त्या जुन्या नोंदीत राना ते रानाच राहिलं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव राहतं ना, तसं. मग कोर्टात एखाद्या वकिलाने 'साहेब, हा राना नाहीच' म्हटलं असतं तर वाद घालायला जागा होतीच की.

म्हणून फॉरवर्डमधलं 'नावं बदलायचा धंदा' हे वाक्य मला फार खटकतं. कोयनेचा भेक 1963 पासून माहीत होता. आंबोलीचा 2009 मध्ये वेगळी जाती म्हणून जाहीर झाला, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे म्हणून नाव पडलं झँथोफ्रिन टायग्रिना, आणि नुसते पट्टे बघून नाही, डीएनए पण तपासलेला. ते झँथोफ्रिन नावाचं घर, म्हणजे जवळच्या जातींचा गट, तेव्हाच नवीन काढलं, कोयनावाला पण त्याच घरात गेला. बाकीच्या भेकांपासून ही जोडी वेगळीच आहे. समजा वेगळं नाव दिलंच नसतं, तर हा कुठल्यातरी सगळीकडे सापडणाऱ्या भेकाच्या हिशोबात गेला असता आणि उद्या आंबोलीतून संपला तरी कागदावर 'सर्वत्र आढळतो' असंच राहिलं असतं.

लाखांचं म्हणाल तर, ओरडणारे सगळे एका जातीचे नसतात हो. आणि रेड लिस्टवाले काय फक्त डोकी मोजत नाहीत, पसारा बघतात. एकूण पट्टा 100 चौरस किलोमीटरच्या आत किंवा प्रत्यक्ष राहायची जागा 10 च्या आत, वर ती जागा बिघडत चाललेली वगैरे अटी, की अतिसंकटग्रस्त. आंबोलीचा भेक जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे सपाट खडकाळ पठारावरच्या, उथळ डबक्यात अंडी घालतो, तीही पावसाच्या सुरुवातीला, थोड्याच दिवसांत सगळा कारभार उरकतो, त्या दिवसांत गेलात तर भरपूर दिसतील आणि वाटेल काय कमी आहेत! पण तेवढा सडा फोडला, नाहीतर त्याच रात्री वीकेंडच्या गाड्या त्यांच्यावरून गेल्या, तर बाकी वर्षभर दुसरा चान्स नाही.

राहिला रस्ता. आंबोलीत जागा खरंच राखली ती एका माशासाठी, हिरण्यकेशीच्या मंदिरापाशी सापडलेल्या, 2021 मध्ये, आणि तीही जैविक विविधता कायद्याखाली वारसा स्थळ म्हणून. क्षेत्र किती, तर 2.11 हेक्टर, म्हणजे साधारण सव्वापाच एकर. काका, आपली काजूची बाग याच्यापेक्षा मोठी आहे.